पत्रिकेतलं अक्षर आणि जन्मदाखल्यावरचं नाव

‘पत्रिकेत झ आलाय, म्हणजे नाव झ वरूनच ठेवायला हवं, नाहीतर बाळाला त्रास होतो.’ बारशाच्या तयारीत ही भीती घरोघर ऐकू येते. तिला परंपरेचाच आधार नाही.

२७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून १०८ आद्याक्षरं. त्यावरून निघतं ते नक्षत्रनाम. पण ‘धर्मसिंधु’ हा धार्मिक विधींचा ग्रंथ नावांचे चार प्रकार सांगतो: देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. हाक मारायचं नाव हे चौथं, आणि ते नक्षत्रनामाहून वेगळं. आश्वलायन गृह्यसूत्रात, म्हणजे घरच्या संस्कारांच्या प्राचीन ग्रंथात, तर अभिवादनाचं (मोठ्यांना नमस्कार करताना सांगायचं) नाव मुंजीपर्यंत फक्त आईवडिलांनाच ठाऊक असावं असं म्हटलंय. पुढे या गुप्त नावाचं स्थान बहुधा नक्षत्रनामाला मिळालं. जे नाव चारचौघांत उच्चारायचंच नव्हतं, तेच आज दाखल्यावर आणण्यासाठी आपण घाबरतो!

अक्षरांची यादीही नीट पाहा. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ, हस्ताच्या तिसऱ्याला ण, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ञ. यांवरून नाव कोण ठेवणार? तिथे जवळचं अक्षर घेतात आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.

हौस असेल तर पत्रिकेतलं नाव पाळण्यात जरूर ठेवा. दाखल्यासाठी मात्र आवडेल ते, अर्थ तपासून निवडा. घाईही नको: जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवाय होते आणि नाव नंतर घालता येतं.