कूलरमागच्या खोलीत नेट का येत नाही

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास गेला की घरोघरी खिडकीत कूलर बसतात, आणि त्याच सुमारास मागच्या खोलीतून आरोळी येते, "नेट चालत नही रे भो!" मग कंपनीच्या नावाने शिव्या, मग प्लॅन वाढवणं, ४० एमबीपीएसचा १०० करून घेणं, आणि एवढं करून मागच्या खोलीत परत तेच गोल गोल फिरणारं चाक. खरं म्हणजे रस्त्यावरच्या खांबावरून घरात आलेली वायर बऱ्याचदा ठणठणीत असते. घोळ होतो तो त्याच्या पुढच्या तीस-चाळीस फुटात.

त्या बारीक फायबरमधून उजेड येतो, आपल्याला न दिसणारा. घराकडे येणारा साधारण १४९० नॅनोमीटरचा आणि घरातून जाणारा १३१० चा, दोन वेगळे "रंग" म्हणा, म्हणून एकाच तंतूतून येणं-जाणं दोन्ही होतं. भिंतीवरचा डबा, म्हणजे राऊटर, त्या उजेडाची वीज करतो आणि विजेच्या रेडिओ लहरी. इथून पुढे सगळा कारभार हवेत. लहरी दोन जातीच्या, २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे साडेबारा सेंटीमीटर लांबीची लाट, आणि ५ गिगाहर्ट्झ म्हणजे साधारण सहा सेंटीमीटरची. लांब लाट भिंतीतून बऱ्यापैकी निभावून नेते पण वेग कमी, आखूड लाट वेगवान पण भिंत आली की दम सोडते. आणि ताकद किती, तर २.४ वर राऊटर साधारण ०.१ वॉट फेकतो. नाईट लॅम्पपेक्षाही कमी. एवढ्याशा जिवावर आपण अख्खा वाडा, वरचा मजला आणि शेजारचे काका एवढ्यांची अपेक्षा ठेवतो.

चोपड्याकडचं एक जुनं धाब्याचं घर डोळ्यापुढे आणा. मातीच्या दोन-दोन फुटी भिंती, पुढे ओटा, मग बैठक, मधलं घर, मागे आणखी एक खोली. फायबरवाला येतो, मीटरजवळून वायर आत घेतो आणि दाराशेजारीच खिळा ठोकून राऊटर लटकवतो, कारण त्याला वायर वाचवायची असते आणि पुढच्या घरी जायचं असतं. फोनमध्ये सिग्नल मोजायचं कुठलंही फुकट ॲप टाका आणि फिरा. आकडे उणे येतात, डीबीएम या सिग्नलच्या ताकदीच्या मापात. बैठकीत उणे ४८, मधल्या घरात उणे ६८, मागच्या खोलीत उणे ७४. वाटतं २०-२५ चाच फरक आहे. पण या मापात १० कमी म्हणजे ताकद दहावा हिस्सा आणि २० कमी म्हणजे शंभरावा, म्हणजे मधल्या घरापर्यंतच ९९ टक्के सिग्नल भिंतींनी आणि अंतराने खाल्ला.

मागच्या खोलीत जो काही येत होता तो भिंतीतून कमी आणि मधल्या घराकडच्या उघड्या खिडकीतून जास्त. आता नेमका त्या खिडकीत आला कूलर. पत्र्याची बॉडी लहर परत फेकते, खालच्या टाकीत पाणी, आणि वरून ओला पॅड, म्हणजे खिडकीभर पाण्याचा पडदाच. पाणी या लहरी फार आवडीने शोषतं, मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये अन्न तापतं ते याच गुणामुळे, तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. (पाण्याची काहीतरी खास फ्रिक्वेन्सी म्हणून २.४५ निवडली असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं, ते चूक आहे, पाणी याच्या आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सीही शोषतं.) उणे ७४ चं उणे ८३ व्हायला एवढं पुरतं, आणि उणे ८० च्या खाली गेलं की नेट असून नसल्यासारखं. लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी, पाण्याची टाकी, सगळ्यांचा हिशोब हाच.

बरं, मागच्या खोलीतल्याचं नेट हळू चालतं यात बाकीच्यांना काय त्रास? इथेच खरी गंमत आहे, आणि हे फार लोकांना माहीतच नसतं. वायफायवर साधारणपणे एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका पट्टीवर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया. म्हणून प्रत्येक फोन आधी कानोसा घेतो, कुणी बोलत नाही ना, मग थोडा वेळ आपल्या मनाने थांबतो, मग पाठवतो. एकाच हवेत सगळ्यांनी वाटून घ्यायची ही विद्या १९७१ मध्ये हवाई बेटांवर सुरू झालेल्या अलोहानेटपासूनची, तिथे नॉर्मन अब्रामसन आणि मंडळींनी बेटाबेटावरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडले होते. तेव्हा तर कानोसा पण नव्हता, सरळ पाठवायचं, धडक झाली तर परत पाठवायचं.

म्हणजे घरात आपण नेट वाटून घेत नाही, नंबर वाटून घेतो. आणि लांबचा फोन आपला नंबर आला की लवकर सोडत नाही. सिग्नल कमी असला की राऊटर त्याच्याशी मुद्दाम हळू बोलतो, नाहीतर समोरच्याला कळतच नाही. दहा एमबीचा व्हिडिओ म्हणजे ८० मेगाबिट. बैठकीतल्या फोनला २०० एमबीपीएसने तो द्यायला ०.४ सेकंद लागतो, कूलरमागच्या फोनला ५ एमबीपीएसने १६ सेकंद. चाळीस पट वेळ! ते १६ सेकंद एका दमात जात नाहीत, तुकड्या-तुकड्याने जातात, पण जातात सगळ्यांच्याच वाट्यातून. आठ दिवसांनी नळ आला, पाणी जोरात आहे, आणि कुणीतरी अरुंद तोंडाची कळशी लावून बसलंय, तसं. नळाचा दाब वाढवून काय फरक पडणार? ४० चा प्लॅन १०० केला तरी आत काही बदलत नाही ते यामुळे. नवीन वायफाय ६ मध्ये एका दमात चार-पाच जणांना थोडं थोडं द्यायची सोय आहे पण त्यासाठी राऊटर आणि फोन दोन्ही नवे पाहिजेत, आणि घरातला सगळ्यात जुना फोन नेमका आप्पांकडे असतो.

कॉलनीत राहत असाल तर शेजाऱ्यांचे राऊटरही याच रांगेत. आपल्याकडे २.४ वर १३ चॅनल आहेत पण ती एकमेकांवर चढलेली, एकमेकांना न भिडणारी तीनच, १, ६ आणि ११. सगळी गल्ली ६ वर असेल तर सेटिंगमध्ये जाऊन १ नाहीतर ११ करा. मध्येच ३ किंवा ४ निवडणं सगळ्यात वाईट, दोन्हीकडचा गोंगाट ऐकू येतो आणि कळत कुणाचंच नाही.

पत्र्याच्या घरातली गोष्ट वेगळीच. तिथे लहर छपरावर, भिंतीवर आपटून परत परत येते, एकच निरोप किंचित पुढेमागे पाच-सहा वेळा पोचतो आणि सगळी खिचडी. हा प्रश्न जगात सगळीकडेच होता आणि त्याच्यावरचा एक मोठा उतारा ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेत निघाला. तिथले जॉन ओ'सुलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रातले, १९७०च्या दशकात ते फुटणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे रेडिओ सिग्नल शोधत होते. ती काही सापडली नाहीत. पण पसरट, अस्पष्ट झालेला सिग्नल गणिताने साफ करायची जी सवय लागली ती पुढे कामाला आली, आणि त्यांच्या टीमला १९९६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. युक्ती अशी की एकाच धारेत भराभर बिट पाठवण्याऐवजी डझनावारी बारीक धारा करायच्या आणि प्रत्येकीत हळूहळू पाठवायचं, म्हणजे प्रतिध्वनी थोडा उशिरा आला तरी पुढच्या बिटावर चढत नाही. १९९९ च्या ८०२.११ए या वायफायच्या प्रकारात अशा ५२ धारा होत्या.

आता करायचं काय. सगळ्यात आधी राऊटर दारातून उचला आणि घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघडा ठेवा. टीव्हीच्या मागे नको, कपाटावर पत्र्याला चिकटवून नको, फुलांचा हार घालून देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला पण मी बघितलाय. फायबर वाढवून द्यायला सांगा, थोडे पैसे जास्त जातील. अँटेनाच्या काडीतून सिग्नल टोकाकडे जात नाही, आडवा चारी बाजूंना पसरतो, म्हणून एकमजली घरात काड्या उभ्या ठेवायच्या, आणि वर माळा असेल तर एक आडवी.

रिपीटर स्वस्त मिळतो पण साधा एका बँडचा, म्हणजे एकाच जातीच्या लहरीवर चालणारा, असेल तर तोच रेडिओ आधी ऐकतो मग तेच परत बोलतो, त्यामुळे वेग निम्म्याच्या आसपास येतो. त्यापेक्षा लॅन केबल ओढा, १०० मीटरपर्यंत चालते, आणि मागच्या खोलीत घरात पडलेला जुना राऊटर लावा. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तोच ठेवा, चॅनल वेगळं.

राऊटर तापतो हेही आपल्याकडे विसरून चालत नाही. बहुतेक घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात ० ते ४० डिग्री लिहिलेलं असतं, आणि पत्र्याखालची खोली दुपारी दोनला ते केव्हाच ओलांडून जाते. हवा लागू द्या. लाईट जाते त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट बघा, १२ चा असेल तर १२ चाच.

पासवर्डला सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा ३ या जातीचं कुलूप निवडा, जुनं डब्ल्यूईपी २००१ मध्येच फोडलं गेलंय. गल्लीतल्या पोरांना द्यायचंच असेल तर गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, चालू करून त्याचा पासवर्ड द्या. तुमच्या राऊटरमागचे सगळे फोन घरात १९२.१६८ वाले खासगी पत्ते वापरतात पण बाहेरच्या जगाला सहसा एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात, आणि ते कनेक्शन तुमच्या नावावर आहे.

आणि हो, मागच्या खोलीतल्या जुन्या राऊटरमध्ये डीएचसीपी, म्हणजे फोनना पत्ते वाटायचं काम, बंद करायचं आणि केबल त्याच्या लॅनच्या भोकात लावायची, वॅनच्या, म्हणजे बाहेरचं नेट येतं त्या भोकात, नाही. त्याचा स्वतःचा पत्ताही बदला, मेन राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. नाहीतर दोघंही पत्ते वाटत बसतात आणि एकाच पत्त्याचे दोन फोन घरात भांडत राहतात.