जहाजाचं फ्युएल चेंजओव्हर

फ्युएल चेंजओव्हर म्हणजे इंजिन चालू असतानाच जहाज एका इंधनावरून दुसऱ्यावर आणणं, बहुतेक वेळा गरम करून जाळायच्या जड तेलावरून पातळ, डिझेलसारख्या मरीन गॅस ऑइलवर. याची गरज पडते ती मारपोल या जहाजांचं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सहाव्या परिशिष्टामुळे. १ जानेवारी २०२० पासून जगभर इंधनात सल्फर ०.५० टक्क्याच्या वर चालत नाही (आधी ३.५० चालायचं), आणि बाल्टिक, नॉर्थ सी, उत्तर अमेरिकेचा किनारा अशा एमिशन कंट्रोल एरियात (धुरावर जास्त कडक नियम असलेल्या समुद्री हद्दीत) तर २०१५ पासून ०.१० टक्केच. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रही त्यात आला. धुरातलं सल्फर धुऊन काढणारा स्क्रबर असेल तर वेगळी गोष्ट, नाहीतर हद्दीत शिरायच्या आधी चेंजओव्हर पूर्ण व्हायलाच हवा.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं एक वॉल्व्ह बंद केला, दुसरा उघडला, झालं. पण खरं काम तापमानाचं आहे. जड तेल इंजिनात जाताना साधारण १३०-१४० अंशांवर असतं, गॅस ऑइल मात्र ४० च्या आसपास हवं, आणि हा फरक मिनिटाला २ अंशांपेक्षा जास्त वेगाने उतरवायचा नाही, म्हणजे १०० अंश उतरायलाच पाऊण तासाच्या वर जातो. घाई केली की फ्युएल पंपाचा प्लंजर (आत सरकणारा दांडा) आणि बॅरल (त्याभोवतीची नळी) एकसारखे आकसत नाहीत, त्यांच्यातली फट आधीच अगदी बारीक, मग प्लंजर अडकतो. उलट हीटर किंवा पाइपांवरचं स्टीम ट्रेसिंग (पाइप गरम ठेवणाऱ्या वाफेच्या नळ्या) चालू राहिलं तर गॅस ऑइल तापून इतकं पातळ होतं की व्हिस्कॉसिटी, म्हणजे तेलाचा घट्टपणा, २ सेंटिस्टोकच्या (घट्टपणा मोजायचं एकक) खाली जाते, पंपात वंगण उरत नाही, तेलाची वाफ होऊन पंप प्रेशर सोडतो. म्हणून बऱ्याच जहाजांवर कूलर किंवा चिलर बसवलेला असतो. जड तेलावर न गळणारे जुने सीलसुद्धा पातळ तेलावर गळायला लागतात, आणि गरम पाइपाशेजारी ही गळती म्हणजे सरळ आगीचा धोका.

दुसरी अडचण मिसळण्याची. दोन तेलं एकमेकांना जुळली नाहीत तर जड तेलातले डांबरासारखे घटक, म्हणजे अस्फाल्टीन, बाहेर पडून गाळ होतो, फिल्टर तुंबतात. त्यामुळे आधी स्पॉट टेस्ट (मिश्रणाचा थेंब कागदावर टाकून डाग बघणं) करून बघावी, आणि चेंजओव्हरच्या वेळी फिल्टरच्या प्रेशर डिफरन्सवरून (आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावरून) नजर हटवू नये. हे सगळं बंदराच्या तोंडाशी, अरुंद पाण्यात झालं आणि इंजिन बंद पडलं तर जहाज आवरणं मुश्किल, अमेरिकन कोस्ट गार्डने २०१५ मध्ये याबद्दल सेफ्टी अलर्टही काढले होते. म्हणूनच लोड कमी करून, मोकळ्या समुद्रात, पुरेसे तास हाताशी ठेवून सुरुवात करणं हाच शहाणपणा, कारण पाइपांत आणि मिक्सिंग टँकमध्ये उरलेलं जुनं तेल संपेपर्यंत सल्फर ०.१० वर येत नाही, तो वेळ सिस्टिममध्ये किती तेल मावतं आणि इंजिन किती खातं यावरून काढतात.

बॉयलर विसरला जातो, पण ज्योत विझूनही पातळ तेल भट्टीत साचत राहिलं तर स्फोट होऊ शकतो, तिथेही तेवढंच लक्ष हवं. लेखी प्रोसिजर जहाजावर असावी लागते, आणि चेंजओव्हर पूर्ण झाल्याची तारीख, वेळ, जहाजाची पोझिशन आणि प्रत्येक टाकीतलं कमी सल्फरचं तेल लॉगबुकात टिपावं लागतं.