पंचवीस अंशांना इंजिनात बर्फ

छोटं खासगी विमान पडल्याची बातमी आली की त्यात एक वाक्य हमखास असतं: ‘इंजिन अचानक बंद पडलं आणि विमान कोसळलं.’ या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत. पहिला चटकन दूर करता येतो. इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. पंखांना उचल मिळते ती वेगामुळे, आणि नाक जरा खाली ठेवलं की तो वेग गुरुत्वाकर्षण पुरवतं. चार आसनांचं सेस्ना १७२ इंजिनाशिवाय एक किलोमीटर खाली उतरेपर्यंत साधारण नऊ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे किमान ४० तास उड्डाण लागतं. त्यात प्रशिक्षक मध्येच थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारं पेट्रोल-हवेचं मिश्रण कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढून ‘इंजिन गेलं, आता कुठे उतरणार?’ असं अनेकदा विचारतात.

दुसरा गैरसमज असा की इंजिन काही कारण नसताना, एकाएकी बंद पडतं. खरं तर ही इंजिनं फार विचार करून बनवलेली असतात. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, त्यांना ठिणगी देणारे, स्वतःची वीज स्वतःच बनवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो, आणि बॅटरी पार उतरली तरी ठिणगी चालूच. मात्र पेट्रोल आणि हवा एकत्र होऊन आत जाण्याची वाट एकच असते, ती म्हणजे कार्ब्युरेटरचा घसा. चांगल्या ऊबदार दिवशी, निरभ्र आकाशात, हा घसा बर्फाने बुजू शकतो. उडायला शिकणाऱ्याला जे काही शिकावं लागतं, त्यातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच, म्हणून इथे जरा थांबू.

इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिट लावलं की गार वाटतं. द्रवाची वाफ होताना त्याला उष्णता लागते आणि ती तो जवळ जे असेल त्यातून घेतो. शाळेत याला बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता म्हणतात. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा बारीक फवारा हवेत उडतो आणि त्याची वाफ होते. मग हवा किती गार होते? हिशेब सोपा आहे. एक किलो पेट्रोलची वाफ व्हायला सुमारे ३५० किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १५ किलो हवा लागते, आणि एक किलो हवा एक अंशाने गार केली की सुमारे एक किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे ३५० भागिले १५, तेवीस अंशांची घसरण. प्रत्यक्षात सगळं पेट्रोल तिथल्या तिथे वाफ होत नाही आणि धातूतून थोडी उष्णता परतही मिळते. उलट बाजूने, अरुंद घशातून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब पडतो, आणि त्यानेही तापमान थोडं उतरतं. सगळी बेरीज-वजाबाकी झाल्यावर एकूण घसरण कधीकधी ३० अंशांच्याही पुढे जाते.

आता बाहेर २५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरा. एका घनमीटर हवेत साधारण १६ ग्रॅम पाण्याची वाफ असते. तीच हवा शून्य अंशावर आणली तर तिच्यात पाच ग्रॅमसुद्धा वाफ मावत नाही. राहिलेले सुमारे ११ ग्रॅम कुठेतरी जायलाच हवेत. उताराला लागलेलं, थ्रॉटल कमी केलेलं सव्वापाच लिटरचं इंजिन मिनिटाला दोन-तीन घनमीटर हवा ओढतं. त्यातून दर मिनिटाला पंचवीस-तीस ग्रॅम पाणी सुटं होऊ शकतं. बहुतेक पाणी सिलिंडरमध्ये जाऊन वाफ होऊन निघून जातं. पण थ्रॉटलची झडप अर्धवट मिटलेली असते. तिच्या कडेला आणि घशाच्या भिंतीत जेमतेम फट उरलेली असते आणि तिथला धातू शून्याखाली गेलेला असतो. त्या कडेवर चार-पाच ग्रॅम बर्फ धरला तरी पुरे.

म्हणूनच हा धोका सर्वांत जास्त असतो तो उतरण्याच्या तयारीत, इंजिन मंद चालू असताना. अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियंत्रकाच्या पुस्तिकेप्रमाणे २१ अंशांखालचं तापमान आणि ८० टक्क्यांवरची आर्द्रता असली की शक्यता सर्वाधिक; पण ३८ अंशांना आणि ५० टक्के आर्द्रतेतही असा बर्फ धरू शकतो. उलट कडाक्याच्या कोरड्या थंडीत धोका कमी, कारण त्या हवेत वाफच नसते.

हा बर्फ पुरावा ठेवत नाही. विमान शेतात उतरवलं, तासाभराने मेकॅनिक आला, त्याने इंजिन सुरू केलं की ते सुरळीत चालतं. टाकीत पेट्रोल आहे, ठिणगी आहे, काही तुटलेलं नाही. अशा वेळी ‘ते विमानच अपशकुनी आहे’, ‘त्या टेकडीवरून गेलं की इंजिनं बिघडतात’ असल्या गोष्टी पसरतात आणि त्या सांगणाऱ्यांत शिकलेली माणसंही असतात. टेकडीचा दोष एवढाच असेल की तिच्या बाजूला दमट हवा साठते आणि वैमानिक नेमका तिथेच थ्रॉटल कमी करून उतरू लागतो.

उपाय जुना आणि साधा आहे. पॅनेलवर थ्रॉटलशेजारी ‘कार्ब हीट’चा दांडा असतो. तो ओढला की तापलेल्या एक्झॉस्ट पाइपभोवतीच्या आवरणातली गरम हवा कार्ब्युरेटरला मिळते. आणि इथेच शिकाऊ वैमानिकाची कसोटी लागते. गरम हवा विरळ असते, त्यामुळे दांडा ओढताक्षणी आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा, काटा आणखी खाली येतो. मग बर्फ वितळू लागतो, ते पाणी इंजिन गिळतं आणि खडखडायला लागतं, सगळं विमान थरथरतं. कान सांगतात की आपण काहीतरी बिघडवलं, हात दांडा परत आत ढकलायला धावतो. नेमकं तेच करायचं नाही. दांडा पूर्ण बाहेर ठेवायचा आणि वाट पाहायची. काही सेकंदांनी, कधी मिनिटभराने, काटा वर चढू लागतो आणि आधी होता त्याच्याही वर जातो. वर चढला, म्हणजे बर्फ होता याची खात्री पटली.

वेळ मात्र गाठायला हवी. ही उष्णता एक्झॉस्टची, म्हणजे इंजिनाचीच. बर्फाने इंजिन बंदच पडलं तर पाइप गार पडतो आणि दांडा ओढून हाती काही लागत नाही. अर्धवट ओढणंही वाईट. फार थंड हवेत पाण्याचे गोठलेले कण न चिकटता आरपार जातात. त्यांना थोडीच ऊब दिली तर ते ओले होऊन चिकटतील.

फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरच्या तोंडाशी फवारलं जातं, त्यामुळे हा प्रकार होत नाही. सेस्ना १७२ चं १९८६ मध्ये थांबलेलं उत्पादन १९९६ मध्ये पुन्हा सुरू झालं ते इंजेक्शनच्या इंजिनासह. पण स्वतःचं विमान घेणारे पुष्कळ जण १९६०-७० च्या दशकांतलं जुनं विमान घेतात, कारण ते परवडतं, आणि त्यात कार्ब्युरेटरच असतो. त्यातही सगळे सारखे नाहीत. सेस्ना १५० मधलं काँटिनेंटल ओ-२०० हे इंजिन या बाबतीत जास्त नाजूक मानलं जातं. लायकमिंग ओ-३२० या इंजिनात कार्ब्युरेटर गरम तेलाच्या टाकीला खालून जोडलेला असल्याने त्याला थोडी ऊब मिळते. ‘हे इंजिन गोठतच नाही’ असं कुणी विमान विकताना सांगितलं तर मात्र त्यावर विसंबू नये.

जुनं विमान घेताना लोक रंग आणि रेडिओ पाहतात. गरम हवेची लवचिक नळी फाटली आहे का, ती हवा आत सोडणारी झडप पूर्ण फिरते का, हेही वाकून पाहावं. उड्डाणाआधीची चाचणी तर रोजचीच: इंजिनाचा वेग चढवायचा, कार्ब हीटचा दांडा ओढायचा, काटा खाली यायलाच हवा. काटा हलला नाही तर गरम हवा पोहोचतच नाही, आणि ती दुरुस्ती होईपर्यंत विमान जमिनीवरच ठेवायचं.