खिडकी एकच, पाकिटं दोन: राखी पाकीट आणि छापील तिकिटाचं पाकीट

कानबाई या देवीच्या सणाचे रोट आटोपले की आमच्या खान्देशात बऱ्याच बहिणींना एकदम आठवतं, राखी अजून टपालात पडलेली नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन, आणि पौर्णिमा थोड्याच दिवसांवर येऊन ठेपलेली. भाऊ सुरतेला नाही तर पुण्याला. मग पोस्टाच्या खिडकीशी जी गर्दी होते, तिथे दोन वेगवेगळी पाकिटं मागितली जातात आणि दोन्हींना लोक ‘पोस्टाचं पाकीट’च म्हणतात. राखी पाठवणाऱ्याला तेवढ्यावर भागतं. माझ्यासारख्या टपालाची पाकिटं-कार्डं जमवणाऱ्याचं भागत नाही.

गेल्या वर्षी भाचीने हौसेने एक कोरं राखी पाकीट आणून दिलं. “मामा, तुमच्या स्टेशनरीच्या फाइलीत ठेवा.” मी फाइल काढली, पण पाकीट तिच्यात गेलं नाही. फाइलीतलं पाच रुपयांचं साधं पाकीट भाचीच्या पाकिटाशेजारी ठेवलं आणि म्हटलं, उजवा वरचा कोपरा बघ. माझ्या पाकिटावर त्या कोपऱ्यात तिकीट कागदावरच छापलेलं, किमतीसकट. बोट फिरवलं तरी कडा लागत नाही. तिच्या पाकिटावर राखी, फुलं, रंग सगळं होतं, तो कोपरा मात्र रिकामा.

फरक एवढाच, पण बाकी सगळं त्यातून निघतं. संग्राहकांच्या भाषेत पोस्टल स्टेशनरी म्हणजे ज्या कागदावर टपालखर्च आधीच छापलेला असतो तो कागद: पोस्टकार्ड, आंतरदेशीय पत्र, छापील तिकिटाचं पाकीट. पाकिटाला पाच रुपये मोजले की वीस ग्रॅमपर्यंतच्या पत्राचा टपालखर्च त्यातच आला. राखी पाकिटाचे दहा रुपये जातात ते पाण्याने न भिजणाऱ्या कागदाचे आणि छपाईचे. टपालखर्च वेगळा, म्हणजे तिकीट वेगळं चिकटवायचं. तेव्हा ते पोस्टाने विकलेलं असलं, तरी कोरं असताना टपालाच्या दृष्टीने नुसतं पाकीटच. भाचीला हे काही पटलं नाही. “पोस्टात मिळतं ना?” म्हणाली. पोस्टात गंगाजलही मिळतं, ते कुठे आपण फाइलीत लावतो!

आपल्याकडे पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला. त्याच्या सुमारे दहा वर्षं आधी, १ ऑक्टोबर १८६९ ला, ऑस्ट्रिया-हंगेरीने जगातलं पहिलं कार्ड काढलं होतं. तेव्हापासून छापील तिकिटाची एक खुबी टिकून आहे. दर वाढले तरी जुनं कार्ड बाद होत नाही, फरकाचं तिकीट शेजारी चिकटवलं की चालतं. कार्डाचा दर १५ पैशांवरून २५ वर गेला, तेव्हा लोकांनी घरात पडलेल्या १५ पैशांच्या कार्डांवर १० पैशांचं तिकीट लावून ती संपवली. अशी गावाच्या शिक्क्यासकट आलेली कार्डं मला कोऱ्या कार्डापेक्षा जास्त आवडतात. एकाच कार्डावर दोन दर दिसतात.

मिळण्याचं गणितही दोघांचं वेगळं. पाच रुपयांचं पाकीट वर्षभर मिळतं. लहान पोस्टात तर जुन्या छपाईचा गठ्ठा कपाटात पडून असतो, म्हणून मी बाहेरगावी गेलो की आधी तिथल्या पोस्टात डोकावतो. राखी पाकीट मात्र हंगामाचं. पौर्णिमेच्या काही आठवडे आधी येतं आणि पौर्णिमेबरोबर जातं. पुन्हा पौर्णिमाही एका जागी नसते. २०२५ मध्ये ती ९ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती २८ ऑगस्टवर गेली. मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबून गेलात तर एक तर पाकिटं आलेली नसतील, नाही तर संपलेली असतील. एका वर्षी मी असाच सण उलटल्यावर एका तालुक्याच्या पोस्टात गेलो. खिडकीवरचा माणूस अहिराणीत म्हणाला, “सरी गयात भाऊ.” बराच वेळ शोधून दोन काढून दिली, तीही कोपरे दुमडलेली. तेव्हापासून कानबाईच्या आधीच्या आठवड्यात जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या मुख्य पोस्टात जाऊन घेऊन ठेवतो.

जमवायची रीतही यावरून ठरते. छापील तिकिटाचं पाकीट कोरं असलं तरी संग्रहात मानाने बसतं. एकच करायचं नाही, तिकिटाचा चौकोन कापून काढायचा नाही. नवशिके हमखास कापतात. कापलं की पाकीटही गेलं आणि तिकीटही धड राहिलं नाही. राखी पाकिटाला खरी किंमत येते ती प्रवासाने. तिकीट चिकटवलेलं, त्यावर शिक्का, आणि शिक्क्याचा अर्धा भाग तिकिटावर नि अर्धा पाकिटावर. तारीख पौर्णिमेच्या आधीची, ठिकाण शिरपूर किंवा नंदुरबार, पत्ता सुरतेचा. असं पाकीट हाती लागलं तर कोरी दहा द्यायला मी तयार आहे.

अडचण त्या न भिजणाऱ्या कागदाचीच. शाई आत मुरत नाही, अंगठा लागला की शिक्का फरफटतो. म्हणून मी पाकीट पेटीत टाकत नाही. खिडकीवर देतो, शिक्का हातानेच मारा म्हणून विनंती करतो आणि वर टिपकागद ठेवून मिनिटभर थांबतो. मागे रांगेतले लोक वैतागतात, ते साहजिकच आहे.

ज्याच्या घरी पाकीट पोहोचतं त्यालाही आधीच सांगून ठेवावं लागतं: वरचा कोपरा फाडू नकोस, बाजूने कात्रीने काप आणि राखी लगेच बाहेर काढ. जरीची तार पावसाळी हवेत काळी पडते आणि आतून डाग पाडते. छापील पाकिटांना वेगळंच दुखणं असतं. झाकणाचा डिंक श्रावणात आपोआप चिकटतो. आत बटर पेपरची पट्टी घाला. भुसावळच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांनीही माझी पाकिटं तेवढी खराब केली नाहीत, जेवढी एका ओल्या ऑगस्टने केली.

हंगामी आणि छापील, दोन्ही गुण एकत्र पाहायचे तर जपानचं नववर्षाचं कार्ड बघावं. त्यावर टपालखर्च छापलेला असतो, वर लॉटरीचा क्रमांक असतो, आणि विक्री साधारण नोव्हेंबरपासून नववर्षाच्या सुमारापर्यंतच. लॉटरीची ही चाल १९४९ च्या अखेरीस, १९५० च्या नववर्षासाठी सुरू झाली. डिसेंबरच्या ठरावीक दिवसांत टाकलेली कार्डं पोस्ट साठवून ठेवतं आणि १ जानेवारीला एकदम घरी पोहोचवतं. त्यांचं कार्ड माझ्या स्टेशनरीच्या फाइलीत सरळ बसेल.

भाचीच्या पाकिटावर मी शेवटी पाच रुपयांचं तिकीट लावलं, तिच्याकडूनच राखी भरून घेतली आणि तिच्या भावाला सुरतेला पाठवलं. रिकामं पाकीट परत पाठव म्हणून सांगितलं होतं. पठ्ठ्याने राखी बांधली, फोटो पाठवला, आणि पाकीट टाकून दिलं.