शांत एरिया आणि मुलाबाळांचा एरिया, यात फरक आहे

बदली झाली, नवीन शहरात घर शोधायचंय, की जो तो एजंटला आणि ओळखीच्यांना एकच वाक्य सांगतो: "फॅमिली आहे, शांत एरिया बघा." आणि समोरचाही लगेच दोन-चार शांत एरियांची नावं देतो. म्हणजे विचारणारा आणि सांगणारा दोघंही धरून चालतात की शांत म्हणजेच मुलाबाळांसाठी चांगला. मला हे ऐकून ऐकून खरंच कंटाळा आलाय, कारण याच गैरसमजापायी लोक मोठं डिपॉझिट भरून चुकीच्या जागी जातात आणि मग शाळा लागल्या म्हणून दोन-दोन वर्षं अडकून पडतात.

शांत एरिया कसा असतो ते काही सांगायला नको. हॉर्न नाहीत, रात्री झोप लागते, रस्त्याला झाडं, गाडी लावायला जागा. हे सगळं चांगलंच आहे, त्याला माझी काही हरकत नाही.

घोळ होतो तो पुढे. रस्ता दोन कारणांनी शांत असतो. एक, तिथून गाड्या कमी जातात आणि जातात त्या सावकाश. दुसरं, तिथे माणसंच नसतात. रविवारी सकाळी अकराला घर बघायला गेलात तर दोन्ही रस्ते डिट्टो सारखेच वाटतात, आणि आपण सगळे नेमके रविवारी सकाळीच जातो!

आमचंही तेच झालं. रुंद सरळ रस्ता, दोन्ही बाजूला उंच कंपाउंड, एवढी शांतता की पक्षी ऐकू येत होते, बघताक्षणी हो म्हटलं. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. राहायला गेल्यावर कळलं की तिथे दर पाच मिनिटांनी एखादीच गाडी येते पण येते ती सुसाट, कारण रस्ता रिकामा आणि रुंद दिसला की चालवणाऱ्याचा पाय आपोआप दाबला जातो. ब्रिटनच्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत दिलेला हिशोब असा आहे की ताशी ३२ किलोमीटरने जाणारी गाडी थांबायला साधारण १२ मीटर लागतात आणि ताशी ४८ ला तेच २३ मीटर. म्हणजे वेग दीडपट झाला की अंतर जवळपास दुप्पट. आणि लहान मुलाला लांबून येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज नीट येतच नाही. त्यामुळे दोन वर्षं मुलगा आमच्याशिवाय गेटबाहेर पडला नाही, आमच्या संध्याकाळी त्याला इकडून तिकडे नेण्या-आणण्यात गेल्या, आणि शेजारच्यांची नावंसुद्धा आम्हाला माहीत झाली नाहीत.

गाड्यांचा आणि शेजाराचा काय संबंध असं वाटेल, पण आहे, मग अडचण गाड्यांच्या संख्येची असो की आमच्यासारखी वेगाची. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड नावाच्या शहर-नियोजनाच्या प्राध्यापकांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत एकमेकांसारखेच तीन रस्ते घेतले, फरक फक्त गाड्यांचा, दिवसाला साधारण २,०००, ८,००० आणि १६,०००. कमी गाड्यांच्या रस्त्यावर राहणाऱ्याचे त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, जास्त गाड्यांच्या रस्त्यावर जेमतेम एक. वर, कमी गाड्यांच्या रस्त्यावरची माणसं अख्खा रस्ता आपला मानायची, जास्त गाड्यांच्या रस्त्यावरची फक्त स्वतःचं घर. मुलाबाळांचा एरिया म्हणजे मला हेच म्हणायचंय, दाराबाहेरचाही थोडा भाग आपला वाटला पाहिजे.

आणि तो भाग गप्प नसतो! नेदरलँड्समध्ये १९७६ साली 'वोनएर्फ' नावाच्या रस्त्यांना कायद्याने मान्यता मिळाली, तिथे गाडीने अगदी सावकाशच जायचं आणि मुलांनी रस्त्यातच खेळलं तरी चालतं. आता मुलं खेळणार म्हटल्यावर आरडाओरडा आलाच. म्हणून मला घर बघताना खालून पोरांचा गोंगाट ऐकू आला तर उलट बरं वाटतं, गाड्यांचा आवाज आला तर नाही. आवाज आवाजात फरक करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

तसंच ते "खाली दुकानं आहेत, फॅमिलीला बरं नाही" वालं. हे मला अजिबात पटत नाही. शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच लिहून ठेवलंय की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर लक्ष असणाऱ्या डोळ्यांमुळे, आणि ते डोळे दुकानदारांचे, खिडकीत उभ्या राहणाऱ्यांचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे असतात. उंच भिंतीला डोळे नसतात. पोरगं पडलं, रडलं, वाट चुकलं तर त्या रिकाम्या रस्त्यावर त्याला बघणार कोण?

मग ओळखायचं कसं? वर्किंग डेला शाळा सुटल्यावर जा, अर्धा तास नुसते उभे राहा, आणि मोठ्या माणसाशिवाय हिंडणारी आठ ते बारा वयाची मुलं किती दिसतात ते मोजा. एकही दिसलं नाही तर तिथल्या आईबापांनी तुमच्याआधीच निकाल दिलाय असं समजा. म्हातारी माणसं बाहेर बसलेली दिसली तर फारच छान.

बाकीच्या गोष्टी फार ताणायच्या नाहीत. शाळा मॅपवर जवळ दिसते पण मॅपवरची सरळ रेघ कुणी चालत नाही, मुलाला घेऊन एकदा पायी जाऊन या. मैदान केवढं आहे यापेक्षा तिथे जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागतो का ते महत्त्वाचं. ब्रोशरमधल्या झोपाळ्यांच्या फोटोंकडे तर बघूच नका.

एक मात्र सगळे विसरतात. आज चार वर्षांचं असलेलं मूल सात-आठ वर्षांत एकटं बसने जायला लागणार. जातानाचा स्टॉप घराच्या बाजूला असला तर येतानाचा पलीकडे असतो, तो रस्ता अंधार पडल्यावर स्वतः ओलांडून बघा आणि मगच टोकन द्या.