पहिल्या ओळीतले काळे चौकोन

१६×२चा (१६ अक्षरांच्या दोन ओळींचा) एलसीडी मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे छोट्या संगणक-चिपच्या, बोर्डाला जोडला, वीज दिली आणि वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन उमटले, की नवशिका डिस्प्लेलाच दोष देतो. बहुतेक वेळा डिस्प्ले ठणठणीत असतो. वीज पोहोचलेली असते, पण आतल्या कंट्रोलरला, म्हणजे डिस्प्ले चालवणाऱ्या चिपला, सुरुवातीच्या आज्ञा मिळालेल्या नसतात. या तक्रारीचं मूळ बरंच जुनं आहे.

एलसीडीतल्या द्रवस्फटिकांचा विचित्र गुण ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ रायनिट्झरने १८८८ साली नोंदवला. घड्याळं-कॅल्क्युलेटरांत बसेल असा कमी विजेचा ट्विस्टेड नेमॅटिक प्रकार मात्र १९७०च्या सुमारास आला. या काचेवर सतत एकाच दिशेचा विद्युतदाब ठेवला तर ती बिघडते, म्हणून तो उलटसुलट करत राहावा लागतो. हे काम सांभाळणाऱ्या चिपांपैकी हिताचीची १९८०च्या दशकातली एचडी४४७८० इतकी रुजली, की आजचे असे अक्षरी डिस्प्लेही तिच्याच आज्ञा पाळतात.

ती चिप तेव्हाच्या ८ बिटांच्या प्रोसेसरांच्या बसवर (माहिती नेणाऱ्या तारांच्या संचावर) थेट बसावी अशी घडवली होती. ई (आता घे, हा इशारा), आरएस (आज्ञा की अक्षर) आणि आर/डब्ल्यू (वाचायचं की लिहायचं) या पिना तिथूनच आल्या. बहुतेक आज्ञांना तिला ३७ मायक्रोसेकंद लागतात, कर्सर सुरुवातीला न्यायला १.५२ मिलिसेकंद. १६ मेगाहर्ट्झच्या मायक्रोकंट्रोलरची त्या ३७ मायक्रोसेकंदांत जवळपास ६०० चक्रं होतात. थांबायचं विसरलं, की अक्षरं गळतात.

पिना वाचवण्यासाठी ठेवलेली ४ बिटांची सोय मला सर्वांत नाजूक वाटते. तिथे ८ बिटांचा प्रत्येक बाइट चार-चार बिटांच्या दोन तुकड्यांत जातो. मधेच फक्त मायक्रोकंट्रोलर रीसेट झाला आणि डिस्प्लेची वीज चालूच राहिली, तर डिस्प्ले दुसऱ्या तुकड्याची वाट पाहत अडकतो. म्हणून डेटाशीट (चिपचं अधिकृत माहितीपत्रक) सुरुवातीला ३ हा आकडा तीनदा पाठवायला सांगतं. चिप अर्ध्यावर अडकली असेल तर पहिला ३ जुनी आज्ञा पुरी करतो आणि पुढचे दोन मिळून तिला ८ बिटांवर आणतात. मग तिथून ४ बिटांवर उतरायचं. पहिल्या ३नंतरची ४.१ मिलिसेकंदांची विश्रांतीही उगाच नाही. ती पुरी झालेली आज्ञा नेमकी लांबलचक निघू शकते. ही पायरी गाळू नयेच.

पुढे फिलिप्सच्या आय-टू-सी बसमुळे (१९८२) पीसीएफ८५७४ या जोडचिपची छोटी पाटी डिस्प्लेच्या मागे लावून संकेतांच्या दोन तारांत काम भागू लागलं. ३.३ व्होल्टचे बोर्ड आले तेव्हा नवा पेच पडला. ५ व्होल्टवरची मूळ चिप २.२ व्होल्टच्या वरचा संकेत ‘एक’ धरते, त्यामुळे लिहिणं जमतं; पण वाचायला गेलं की ५ व्होल्ट उलटे बोर्डावर येतात. आर/डब्ल्यू पिन ग्राउंडला (शून्य व्होल्टला) जोडून डिस्प्लेला फक्त लिहिण्यावरच ठेवायचं हे एक चांगलं कारण. मग ‘मी व्यस्त आहे’ हा तिचा निरोप मिळत नाही आणि सगळी भिस्त अंदाजाने थांबण्यावर राहते. चिपच्या आतल्या घड्याळाचा वेग २७०वरून २५० किलोहर्ट्झवर आला तरी ३७चे ४० मायक्रोसेकंद होतात, तेव्हा थांबण्याची वेळ सढळ हाताने धरावी.