खाजन

खाजन म्हणजे नदीमुखाजवळची खारफुटीची दलदल बांध घालून भरतीपासून अडवलेली आणि लागवडीखाली आणलेली सखल जमीन. गोव्यात मांडवी, झुआरी, शापोरा, तेरेखोल, साळ या नद्यांच्या काठांनी ती पसरली आहे. तिचे क्षेत्र साधारण १८,००० हेक्टर धरले जाते. गोव्यातला शेतकरी भाताच्या जमिनीचे तीन प्रकार सांगतो: चढावरची मोरड, तिच्या खालची रेताड खेर आणि पाण्याला लागून असलेली खाजन. यांपैकी खाजन ही पूर्णपणे माणसाने घडवलेली आहे. तिचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली असल्यामुळे बांध फुटला की ती पुन्हा नदीची होते.

ही घडण फार जुनी आहे. बांदोडे येथे सापडलेल्या अनिर्जितवर्मन या राजाच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीच्या दानाचा आणि खारे पाणी अडवण्यासाठी घालायच्या बांधाचा उल्लेख येतो. हा ताम्रपट साधारणपणे सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. पोर्तुगीज आले तेव्हा गावकरी, म्हणजे गावातल्या मूळ घराण्यांच्या संस्था, ही जमीन सामाईक मालकीने सांभाळत होत्या. १५२६ मध्ये तिसवाडीतल्या गावकऱ्यांच्या चालीरीती सरकारदरबारी लिहून घेतल्या गेल्या. याच संस्थांना पुढे कोमुनिदाद म्हणू लागले.

खाजनाची रचना बघण्यासारखी आहे. नदीच्या अंगाला मोठा बाहेरचा बांध असतो. तो चिखल, पेंढा, बांबू यांचा, आणि लाटांचा मारा असेल तिथे चिऱ्यांनी मढवलेला. त्याच्या पुढे खारफुटीचा पट्टा मुद्दाम राखतात, कारण लाटेचा पहिला तडाखा तो झेलतो. आत पोंय, म्हणजे पाणी खेळवणारा चर आणि त्याचा तलावासारखा पसरट भाग. पोंयीच्या कडेला आतले कमी उंचीचे बांध आणि त्यांच्यापलीकडे शेते. सगळ्याची किल्ली म्हणजे मानस, बाहेरच्या बांधात बसवलेला लाकडी दरवाजा. तो टांगलेला असतो असा, की भरतीचे पाणी बाहेरून रेटते तेव्हा आपोआप मिटतो आणि ओहोटीला आतले पाणी त्याला बाहेर ढकलून उघडते. पावसाचे साचलेले पाणी नदीत जाते, नदीचे खारट पाणी आत येत नाही. पोंयीत थोडे खारे पाणी हवे असेल तेव्हा दार हाताने वर धरून मोजकेच आत घेतात. इथली भरती-ओहोटी सुमारे दोन मीटरची. तेवढ्या चढउतारावर शेती, मासे आणि मीठ असे तिन्ही उत्पन्न काढण्याची ही युक्ती आहे, आणि ती चालवायला इंजिन लागत नाही.

पहिल्या सरींनी जमिनीवर आलेले मीठ धुऊन जाते, मग खाऱ्या मातीतही तग धरणारे कोरगुट भात लावतात. पीक निघाल्यावर काही शेतांत खारे पाणी घेऊन कोळंबी आणि शेवटे, काळुंद्र हे मासे वाढू देतात. कुठे मिठागरे पिकतात. मासे शेतातला कुजलेला पेंढा आणि डासांच्या अळ्या खातात. रात्री ओहोटी लागली की मानशीच्या तोंडाला पिशवीसारखे जाळे लावतात. बाहेर पळणाऱ्या पाण्याबरोबर मासा त्यात येतो. या मासेमारीच्या हक्काचा दरवर्षी लिलाव होई आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी होई. बांधावर सतत नजर ठेवावी लागते. खेकड्यांनी आणि उंदरांनी पाडलेली बोटभर बिळे वेळेवर बुजवली नाहीत, तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात एका रात्रीत त्यांची भगदाडे होतात.

बांधाशी गावाचे नाते किती जवळचे आहे ते फोंडा तालुक्यात दुर्भाटच्या परिसरात दिसते. पौषात शेतकरी बांधाजवळ चिखलाची मगर घडवतात, तिला शिंपल्यांचे डोळे आणि अंगभर शिंपल्यांची खवले लावतात आणि तिची पूजा करतात. मांडवी आणि झुआरी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात खऱ्या मगरी राहतात. ज्या पाण्याची भीती, त्याच पाण्यातल्या जिवाला शेताचा राखणदार मानण्याची ही रीत आहे. ‘मानगे थापणी’ हे तिचे नाव.

ऱ्हासाची सुरुवात मालकीच्या बदलापासून झाली. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ मधली ‘कसेल त्याची जमीन’ ही दुरुस्ती यांनी कुळांना न्याय मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण बांध कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत राहिला. कोमुनिदादींकडून जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. ज्या गावांत संघ जागरूक राहिले तिथे बांध टिकले. पुष्कळ ठिकाणी घरटी एक माणूस बांधावर येण्याची रीत मोडली आणि दुरुस्तीसाठी सरकारी कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे बघायची सवय लागली.

दुसरे कारण अधिक बोचणारे आहे. ज्या लिलावाने बांध सांभाळला, त्याच लिलावाने तो पोखरला. कोळंबीला भाव चढला तसा मानशीचा ठेका महाग झाला आणि ठेकेदाराला आपले पैसे वसूल करण्यासाठी जास्त खारे पाणी हवे झाले. दार वेळी-अवेळी उघडे राहू लागले. शेत खारावले की भात परवडत नाही, आणि भात नको झाले की तिथे कायमचे तळे झालेले कोणाला खुपत नाही. काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडले गेल्याच्या तक्रारी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे केल्या आहेत.

खाणींचा मार वेगळा. लोहखनिज बार्जमधून मांडवी-झुआरीने मुरगाव बंदराकडे जात असे. बार्जच्या लाटा बांधांचे पाय धूत, आणि खाणींतली लाल माती पावसाबरोबर नदीत उतरून पात्र भरत जाई. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले खाणकाम थांबवले. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ते सुरू झाले आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली.

त्यात रस्ते, रेल्वे आणि वस्ती. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेच्या मार्गाला विरोध झाला, त्यात खाजनांवरून जाणाऱ्या भरावाचा मुद्दा मोठा होता. भराव पाण्याची आडवी वाट बंद करतो. त्याच्या एका बाजूला पाणी तुंबते आणि दुसरी बाजू कोरडी पडते. पणजीच्या आसपास ताळगाव, मेरशी, सांताक्रुझ या भागांत सखल शेतांवर माती टाकून जी बांधकामे उभी राहिली, त्यांनी अडवलेले पाणी आता खालच्या घरांत शिरते.

संरक्षणाचे कायदे आहेत. २०११ च्या किनारी क्षेत्र नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद आहे: खाजनांचे नकाशे करावेत, त्यांच्या कडेची खारफुटी राखावी, तिथे बांधकामाला परवानगी देऊ नये. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३ च्या राज्य कायद्याने निर्बंध आणले. तरी एक गुंता उरतोच. बांध फुटून पडीक राहिलेल्या शेतात तिवर आणि कांदळ ही खारफुटीची झाडे आपोआप उगवतात, आणि खारफुटी तोडायला कायद्याची मनाई आहे. शेतकऱ्याला आपले शेत परत हवे असते, वनखात्याच्या दृष्टीने ते जंगल झालेले असते. दोघांचेही म्हणणे खरे आहे.

जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्राने कोरगुटातून निवड करून ‘गोवा धान’ या नावाने क्षार सोसणारे वाण तयार केले आहेत. पण खारावलेल्या शेताची माती एका पावसाने गोडी होत नाही. भगदाड बुजवून, मानस नीट बसवून, पावसाचे पाणी पुन्हा पुन्हा शेतात कोंडावे आणि ओहोटीला सोडावे लागते. हे काम एकट्याच्या शेतापुरते करता येत नाही. एका मानशीवर ज्यांची ज्यांची शेते अवलंबून असतात त्या सगळ्यांना ते एकाच वेळी करावे लागते.